आमची वाटचाल: छतावरून टेबलावर

बारा वर्षं मी व्हीसॅटच्या, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या छोट्या केंद्रांच्या, डिश बसवत फिरलो. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत, जिथे केबल पोचत नव्हती तिथल्या बँकेच्या शाखा, एटीएम, पेट्रोल पंप. सिग्नल लॉक झाला, हबवरून, म्हणजे मुख्य केंद्रातून, फोनवर ‘ओके’ आलं की पुढच्या साइटची एसटी पकडायची. मोडेमचा कंपनीतून आलेला पासवर्ड बदला असं कुणी सांगत नव्हतं. मीही बदलत नव्हतो.

24 फेब्रुवारी 2022 ला, युक्रेनवर आक्रमण सुरू झालं त्या पहाटे, व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या केए-सॅट या उपग्रह इंटरनेट जाळ्यातले हजारो मोडेम एकदम मेले. हल्लेखोर व्हीपीएनच्या (बाहेरून जाळ्यात शिरायच्या सुरक्षित वाटेच्या) चुकलेल्या सेटिंगमधून आत शिरले आणि मोडेमची फ्लॅश मेमरीच खराब करून गेले. जर्मनीत 5,800 पवनचक्क्यांवरचं दूरनियंत्रण गेलं. उपग्रह वर ठणठणीत होता! वाचताना मला मी न बदललेले पासवर्ड आठवले.

त्याच वर्षी नोकरी सोडली आणि अशा मोडेमची सुरक्षा तपासायचं काम सुरू केलं. पुण्याच्या वारज्यात एक खोली, फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) उलगडणारा एक मित्र आणि एक एसडीआर, म्हणजे संगणकाला जोडायचा रेडिओ. हा एसडीआर पहिल्याच महिन्यात जळाला. मोडेमकडून छतावरच्या बीयूसीकडे (उपग्रहाकडे सिग्नल पाठवणाऱ्या डब्याकडे) जाणाऱ्या केबलमधून सिग्नलबरोबर 24 व्होल्ट डीसीही जातो. घाईत तो अडवणारा डीसी ब्लॉक लावायचा राहिला. आता मल्टिमीटर लावल्याशिवाय आमच्याकडे कुणी केबल जोडत नाही.

मोडेम उघडायचा, बोर्डावरची चार पिनांची रांग (आतल्या सॉफ्टवेअरशी बोलायचा सिरियल पोर्ट) शोधायची, वायरी सोल्डर करायच्या. पोर्टचा वेग 115200 दिला की बहुतेकदा स्क्रीनवर बूट लॉग, म्हणजे मोडेम सुरू होतानाची नोंद, धावू लागतो. हवेत मात्र काहीही सोडत नाही. परवान्याशिवाय ट्रान्समिट करणं गुन्हा आहेच, पण उपग्रहावरच्या त्याच ट्रान्सपॉन्डरवरून (सिग्नल घेऊन परत पाठवणाऱ्या यंत्रावरून) एखादं जहाजही बोलत असतं. सगळं केबल आणि अॅटेन्युएटरमधून (सिग्नल क्षीण करणाऱ्या भागातून), शील्डेड डब्यात.

एका ग्राहकाला फक्त सुरक्षेची चेकलिस्ट भरून हवी होती. आम्ही त्यांच्या दोन मोडेमची मेमरी शेजारी शेजारी लावली. दोन्हींत एसएसएचची (दुरून मोडेममध्ये शिरायच्या सोयीची) खासगी किल्ली एकच. म्हणजे एक मोडेम चोरला की सगळ्यांची किल्ली हातात. हा मुद्दा अहवालातून काढा म्हणाले. काढला नाही. आठ महिने पैसे अडकले, खोलीचं भाडं बायकोच्या पगारातून गेलं. तरीही त्यावर आजही माझं मत तेच आहे: हातात स्क्रू ड्रायव्हर न घेता दिलेलं सुरक्षा प्रमाणपत्र ही फसवणूक आहे.

आज आम्ही पाच जण आहोत. गेल्या आठवड्यात त्याच ग्राहकाकडून नव्या फर्मवेअरचे दोन मोडेम आले. किल्ल्या वेगवेगळ्या निघाल्या. पासवर्ड मात्र मी डिश बसवायचो तेव्हाचाच आहे. तसं पत्र आज सकाळी पाठवलं.