हक्कसोड पत्रातली एक ओळ

बेळगावात दिवाणी वकिली करायची म्हणजे हक्कसोड पत्र हा रोजचाच कागद. बहिणींनी हिस्सा सोडायचा, सब-रजिस्ट्रारसमोर फोटो आणि अंगठा द्यायचा, उताऱ्यावर भावाचं नाव लागायचं. कर्नाटकात वडिलार्जित जमिनीत मुलींना मुलाइतका हक्क १९९४ सालीच मिळाला, देशभर २००५ मध्ये. तरी फुकट सही मागताना कुणालाच काही वाटत नाही. मला वाटतं.

त्या दिवशी आलेले आप्पा खानापूर रोडवरच्या गावचे, हाडाचे समितीवाले, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्लेले. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिवशी, निघणारी काळ्या दिनाची सायकल फेरी कधी चुकवली नाही. मुलगी शिक्षिका. तिनं बैलहोंगलच्या कन्नड सहकाऱ्याशी रजिस्टर लग्न केलं आणि आप्पांनी बोलणं टाकलं. नातवंडं पाहिलेली नाहीत. आता भाताचं शिवार मुलाच्या नावे करायचं, तर तिच्या सहीवाचून अडलेलं; म्हणून निरोप गेला होता.

ती आली, लांबची खुर्ची घेऊन बसली. तुमचा हक्क समान आहे, सोडायलाच पाहिजे असं नाही, हे मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं. भाऊ चुळबुळला. ती म्हणाली, "जमीन नको मला. कागद द्या, वाचते."

कागद कानडीत. आप्पांना मी मराठीत मतलब सांगितला होता, ती सरळ वाचत गेली आणि दुसऱ्या पानावर थांबली. तिथं नेहमीचा मजकूर होता: वडिलांनी लग्नात खर्च करून, दागदागिने देऊन माझा हिस्सा भागवला आहे.

"हे खोटं आहे. माझं लग्न कुणी केलं नाही. आप्पा आले नाहीत. ही ओळ काढल्याशिवाय सही करणार नाही."

"एवढ्यावर कशाला अडतीस?" भाऊ म्हणाला. ती आप्पांकडेच बघत होती. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लिवा वकीलसाब," ते म्हणाले. "लगीन तिनं तिचं केलं. बापानं काय दिलं न्हाई. मी गेलो न्हाई."

"एवढंच पाहिजे होतं," ती म्हणाली.

पान बदलून टाईप केलं, दुपारी नोंदणी झाली. कचेरीच्या व्हरांड्यात आप्पांनी तिला धाकट्याचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. त्यापुढे बोलणं सरकलं नाही. ती बसस्टँडकडे गेली, ते मुलाच्या गाडीवर बसले.

तिनं हिस्सा सोडला, हे मला अजून पटलेलं नाही.