हा कुणाचा कोण?

शुक्रवारी संध्याकाळी हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की आमच्या इमारतीत दोन तट पडतात. एक तट लगेच लोणावळ्याला निघतो. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसून पुढच्या माणसाची पाठ बघायची आणि परतताना घाटात गाडी बंद करून उभं राहायचं, ह्याला ते लोक पाऊस एन्जॉय करणं म्हणतात. दुसरा तट घरात बसतो. मी दुसऱ्या तटातली. कांदाभजी आणि खिडकीतला पाऊस ह्यांवर मराठीत इतकं लिहून झालंय की मी त्यात भर घालत नाही. मला बोलायचंय ते शनिवारी दुपारी सुरू होणाऱ्या नव्याकोऱ्या मालिकेबद्दल. नवी म्हणजे आमच्यासाठी नवी. जगाने ती कधी पाहून संपवली ह्याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही.

एरवी मालिका बघताना मनात कुठेतरी टोचत असतं. ऊन चांगलं पडलंय, गाद्या टाकायला हव्यात, मावशीकडे जाऊन यायला हवं. धो धो पावसात मावशीच फोन करून सांगते, अजिबात निघू नका, इकडे गुडघाभर पाणी आहे. झालं, सुटलो.

पूर्वी अशा दिवशी टीव्ही दिसणं हा नशिबाचा भाग होता. ढग दाटून आले की गच्चीवरची डिश मान टाकायची. उपग्रहाकडून डिशपर्यंत येणाऱ्या त्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. जोरदार सरीतले थेंब त्या शोषून घेतात, विखरून टाकतात. मग चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, नायिकेचा अर्धा चेहरा गालासकट खाली सरकायचा आणि निळ्या पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही'. म्हणजे ज्या दिवशी टीव्हीची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच दिवशी त्याचा संप. आता तारेतून येणाऱ्या इंटरनेटला पावसाचं तेवढं वावडं नाही. आता अडचण एकच, काय बघायचं.

ह्या प्रश्नावर आमच्या घरात तीन मतं आहेत. नवऱ्याला खून लागतो. मुलाला काहीही चालतं, फक्त ते त्याच्या खोलीत, त्याच्या फोनवर आणि आमच्याशिवाय. आणि आई म्हणते, "तुम्हाला हवं ते लावा, मी आपली बसते." हे तिसरं मत सगळ्यात धोक्याचं. कारण आई नुसती बसत नाही. पहिल्याच प्रसंगात दार उघडून कोणी आत आलं की ती विचारते, "हा कोण?" सांगितलं की पुढचा प्रश्न, "हिचा कोण?"

नवऱ्याची निवड आधी लावली. अशा मालिकांचं मला एक कळत नाही, ह्यांच्या गावात कायम पाऊसच कसा असतो? पहिल्या काही मिनिटांत तळ्याकाठी प्रेत, भोवती पिवळ्या पट्ट्या, आणि घटस्फोट झालेला पोलीस अधिकारी रेनकोटची टोपी न घालता भिजत उभा. खरा पाऊस म्हणे कॅमेऱ्यात नीटसा दिसतही नाही. टँकर मागवून पाणी उडवतात आणि थेंब चमकावेत म्हणून मागून दिवा मारतात. एवढं करून ते पाणी आमच्याकडे यायचं तेव्हा बाहेर फुकटचं कोसळत होतं. आईने तळ्याकाठच्या मुलीबद्दल विचारलं, "हिच्या घरी कोण कोण असतं?" मालिकेला ते सांगायची इच्छा दिसेना. दुसऱ्या भागातही फक्त रक्ताचे नमुनेच तपासत होते. आई उठून लसूण सोलायला गेली.

मला तिचा मुद्दा पटतो. पावसात आपल्याला कुठे जाता येत नाही, म्हणून तर आपण दुसऱ्याच्या घरात डोकवायला बसलेलो असतो. तिथे गेल्यावर कोणी बसा म्हणू नये, चूल कुठे आहे ते कळू नये, म्हणजे काय? 'पंचायत' ह्या हिंदी मालिकेतल्या फुलेरा गावात आम्ही रमलो ते राजकारणासाठी नव्हे, दुधीसाठी. प्रधानांच्या घरचा तो दुधी चौथ्या पर्वात थेट निवडणुकीचं चिन्ह झाला आणि समोर विरोधकांचा कुकर उभा राहिला, तेव्हा आईने प्रचाराला निघाल्यासारखी बाजू घेतली होती.

'डार्क' नावाची जर्मन मालिका लावली होती तेव्हाची गोष्ट तर घरात अजून सांगतात. (पाहायची असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) तीत विंडेन नावाचं गाव, चार कुटुंबं, तेहेतीस वर्षांच्या फेऱ्यात मागेपुढे जाणारा काळ, आणि अर्थातच पाऊस. 2019 साली हरवलेला लहान मुलगा 1986 मध्ये निघतो, तिथेच वाढतो, लग्न करतो. नवरा कागदावर बाण काढत बसला होता. आईने चष्मा पुसला आणि म्हणाली, "म्हणजे पिवळ्या रेनकोटवाल्याचा बाप तो. आणि ज्या मुलीच्या मागे हा लागलाय, ती ह्याची आत्या. हे लग्न काही जमायचं नाही." जिने आयुष्यभर कोकणातल्या भावकीची चुलत-मावस नाती तोंडपाठ ठेवली, तिच्यापुढे जर्मनांची चार घरं म्हणजे काय!

तर ह्या शनिवारी, लसूण सोलून झाल्यावर, मी 'रिप्लाय 1988' लावली. कोरियन मालिका, 2015 च्या नोव्हेंबरमध्ये तिथे सुरू झालेली, एकूण वीस भाग. भाग म्हणजे अक्षरशः सिनेमा, दीड-दीड तासाचे. सोलमधली सांगमुन-दोंग नावाची वस्ती, तिथली एक गल्ली, पाच कुटुंबं आणि त्यांची एकत्र वाढलेली पोरं. आमच्या हॉलमध्ये पावसाळ्यात टीव्हीच्या पुढून कपड्यांची दोरी जाते, कारण गॅलरीत काही वाळत नाही. तिच्यावर मुलाची जीन्स आणि दोन टॉवेल, आणि टॉवेलाची कड बरोबर सबटायटल्सवर. शिवाय ती इंग्रजीत. म्हणून मी वाकून वाकून वाचत होते आणि आईला मराठीत सांगत होते.

पहिल्याच भागात संध्याकाळ होते. सगळ्या घरांत रात्रीच्या जेवणाची तयारी, आणि एक आई पोरीच्या हातात बाऊल देते, जा, समोर देऊन ये. समोरून दुसरं काहीतरी भरून येतं. ते तिसऱ्या घरी जातं. थोड्याच वेळात गल्लीतली सगळी पोरं हातात भांडी घेऊन एकमेकांना आडवी जाताहेत, आणि त्यातला एक जण वैतागून म्हणतो, ह्यापेक्षा सगळे एकत्रच का जेवत नाही? मी हे मराठीत आणायला तोंड उघडलं तर आई म्हणाली, "गप्प बस गं, कळतंय मला. रिकामं भांडं कसं परत द्यायचं?" तिचं लग्न गिरगावातल्या चाळीत झालेलं. तिला ह्या प्रसंगाला दुभाषा नको होता.

मग एकेक घर उघडत गेलं. डोक-सन ह्या मुलीचे वडील बँकेत आहेत, पण मित्राला जामीन राहिले आणि बुडाले. म्हणून सगळं कुटुंब अर्ध्या तळघरात राहतं. वरच्या मजल्यावर राहणारे घरमालक पूर्वी ह्यांच्याहून गरीब होते, थोरल्या मुलाला लॉटरी लागली. "जामीन" हा शब्द ऐकल्यावर आईने माझ्या नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. तो निमूटपणे उठून जीन्स उलटी करून आला.

तेव्हा सोलला ऑलिम्पिक होतं. डोक-सनला संचलनात मादागास्करची पाटी धरायची असते, मुलगी सहा महिने तालीम करते, आणि मादागास्कर ऐन वेळी बहिष्कार टाकून येतच नाही. ती रडते. शेवटी दुसऱ्या देशाची पाटी मिळते. हे चालू असताना आईला आठवलं ते मात्र आपल्याकडचं 'महाभारत'. ते दूरदर्शनवर सुरू झालं 2 ऑक्टोबर 1988 ला, रविवारी. त्याच दिवशी सोलचं ऑलिम्पिक संपलं. पण चाळीत कोणाला सोलचं काय पडलं होतं? टीव्ही असलेल्या बिऱ्हाडात सकाळी जागा धरायची आणि भाग संपला की आठवडाभर थांबायचं. कोरियातही ही मालिका आठवड्याला दोन भाग अशीच आली होती. लोकांनी वाट पाहिली, वाद घातले. आम्हाला मात्र एक भाग संपायच्या आत कोपऱ्यात पुढच्याचे आकडे उलटे मोजू लागतात. मला हे मुळीच आवडत नाही. माणसं जेवून उठलीसुद्धा नाहीत आणि हा पुढचं ताट मांडतो. मी प्रत्येक वेळी बंद करते आणि पुढच्या भागाआधी अर्धा तास नुसतं गप्पांना ठेवते.

गप्पांचा विषय सध्या एकच. मालिकेत अधूनमधून मोठी झालेली डोक-सन दिसते, शेजारी नवरा बसलेला. पण गल्लीतल्या मित्रांपैकी तो नेमका कोण हे सांगत नाहीत. आईने वरच्या मजल्यावरचा, लॉटरीवाल्याचा धाकटा भाऊ ठरवून टाकलाय. तो तोंडाने काही बोलत नाही, पण बसमध्ये तिला धक्का लागू नये म्हणून दांडा धरून उभा राहतो, ते तिने टिपलंय. मी बुद्धिबळासारखं काहीतरी खेळणाऱ्या, बुटाची नाडीही न बांधता येणाऱ्या शांत मुलाच्या बाजूने. नवरा म्हणतो, ह्यात खून कधी होणार?

आणि जो आमच्यात बसतच नव्हता, त्या पोराने खोलीत बसून फोनवर शेवट शोधून काढलाय. आल्यागेल्या आमच्या मागून चक्कर मारतो, पडद्याकडे बघतो, "अच्छा, अजून इथेच आहात" म्हणून गालात हसतो. आईने त्याला सांगून ठेवलंय, एक अक्षर बोललास तर रात्री दुधीची भाजी, आणि ती पण एकट्या तुलाच.