बारा आण्यांचा मसाला

आमच्या घरी पहिला प्रिंटर आला तो २०२० च्या जुलै महिन्यात. शाळा बंद होत्या, मुलीच्या बाई रोज सकाळी व्हॉट्सॲपवर सरावाची पाने पाठवीत, आणि कोपऱ्यावरच्या ज्या झेरॉक्सच्या दुकानाच्या भरवशावर आमचा संसार आजवर कागदपत्रांच्या बाबतीत निर्धास्त होता, त्याचे शटर कधी वर जाईल हे साताऱ्यात कोणालाच सांगता येत नव्हते. मोबाइलवर शोध घेता सर्वांत स्वस्त प्रिंटर ३,८०० रुपयांचा दिसला. एवढ्या पैशांत छपाई, स्कॅनिंग आणि कॉपी अशी तिन्ही कामे करणारे यंत्र घरपोच येत असेल तर नाही का म्हणायचे, असा सुज्ञ विचार करून मी ते मागवले. ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, परंतु ती प्रिंटर घेणाऱ्यांसाठीच रचलेली असावी हे मला पहिले कार्ट्रिज संपल्यावर कळले.

काळ्या शाईचे ते कार्ट्रिज आगपेटीहून थोडेसे मोठे होते. किंमत ७२० रुपये, आणि खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेली क्षमता १२० पाने. म्हणजे कागद सोडून केवळ शाईचा खर्च पानाला सहा रुपये, आणि ज्याच्या बंद शटरामुळे ही सगळी खरेदी झाली तो झेरॉक्सवाला पानाला दोन रुपये घेत होता. रंगीत कार्ट्रिजची तऱ्हा आणखी निराळी होती. त्या एकाच डबीत निळा, किरमिजी आणि पिवळा असे तीन कप्पे असल्यामुळे त्यांतला एक जरी आटला तरी उरलेल्या दोघांसह डबी फेकून द्यावी लागे. मुलीला त्या वर्षी सूर्यफुलांचे वेड होते, त्यामुळे आमच्याकडे पिवळा रंग नेहमी आधी संपायचा, आणि निळा-किरमिजी त्याच्याबरोबर सती जायचे.

इतकी महाग असण्यासारखे त्या डबीत काय असते, हे पाहू गेल्यास एक चमत्कारिक हकिकत हाती लागते. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेला सोल्डरिंगचा दांडा चुकून टेकला, आणि सुईच्या टोकातून शाई पिचकारीसारखी उडाली. उष्णतेने सुईत वाफेचा बुडबुडा झाला होता आणि त्याने शाई बाहेर ढकलली होती. या अपघातातून उष्णतेवर चालणाऱ्या इंकजेट छपाईचे जे तंत्र जन्मले त्यात केसाहून बारीक छिद्रांमागे बसवलेले चिमुकले तापक सेकंदाला हजारो वेळा तापतात आणि प्रत्येक वेळी एक सूक्ष्म थेंब कागदावर फेकतात. थेंब फेकणाऱ्या या भागाला हेड म्हणतात. स्वस्त प्रिंटरांत हे हेड बहुधा कार्ट्रिजलाच जोडलेले असते, म्हणजे शाई संपली की आपण चांगले चालते हेडही कचऱ्यात टाकतो आणि नव्या शाईबरोबर नवे हेड विकत घेतो. किमतीचे एक कारण हे. दुसरे कारण उघड आहे, यंत्र जवळजवळ तोट्यात विकून नफा शाईवर काढायचा.

टाळेबंदी सैल झाल्यावर मीही, सगळे करतात तेच केले. संगणक दुरुस्तीच्या एका दुकानातला तरुण शंभर रुपयांत कार्ट्रिज भरून देत असे. डबीच्या माथ्यावरचा कागदी पट्टा सोलायचा, आतल्या स्पंजमध्ये सिरिंजची सुई खुपसायची आणि हलक्या हाताने शाई सोडायची. ज्या सुईतून हे तंत्र निघाले तिच्याच मदतीने लोक त्याचा खर्च चुकवतात, याची मला त्या दुकानात उभ्याउभ्या गंमत वाटे. हा उद्योग तिकडे अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि २०१७ साली त्या न्यायालयाने लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात असा निकाल दिला की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटचा हक्क उरत नाही. न्याय झाला तरी डबीचे आयुष्य काही वाढत नाही. त्या बारीक तापकांना शाईच थंड ठेवीत असते, त्यामुळे डबी रिकामी होऊनही छपाई चालू राहिली की ते जळतात. आमचे कार्ट्रिज चौथ्या भरणीनंतर पानावर पांढरे पट्टे काढू लागले, आणि तो तरुण म्हणाला, “सर, आता हिच्यात जीव नाही राहिला.”

२०२२ साली आम्ही टाकीचा, म्हणजे कार्ट्रिजऐवजी बाटलीतून शाई ओतायचा, प्रिंटर घेतला. ही टाकीची कल्पना मुळात कंपन्यांची नव्हेच. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून स्वस्त शाईवर तो चालवत होते, ते पाहून एप्सनने २०१० साली त्याच देशात पहिल्यांदा स्वतःचा टाकीवाला प्रिंटर विक्रीला आणला. गिऱ्हाइकाच्या जुगाडाला कंपनीने वॉरंटी दिली, असे म्हणता येईल. आमच्या यंत्राची किंमत ११,५०० रुपये होती आणि काळ्या शाईची ६५ मिलिलिटरची बाटली ३८० रुपयांना मिळाली. तिच्यावर ४,५०० पानांचा आकडा आहे. पानामागे नऊ पैशांहूनही कमी! पाचशे कागदांचा गठ्ठा तीनशे रुपयांना धरला तर कागदच पानाला साठ पैसे पडतो, म्हणजे आता काटकसर करायचीच तर शाईची नव्हे, कागदाची करायला हवी आणि पान दोन्ही बाजूंनी छापायला हवे.

तरीही हा प्रिंटर सर्वांना परवडतो, असे मी म्हणणार नाही. दोन यंत्रांच्या किमतीतला फरक ७,७०० रुपयांचा आणि पानामागची बचत सुमारे सहा रुपयांची, म्हणजे जादा पैसे वसूल व्हायला तेराशे पाने छापावी लागतात. महिन्याला शंभर पाने काढणाऱ्या घरात ही वसुली वर्षभरात होते, तर तीस पाने काढणाऱ्या घरात तिला साडेतीन वर्षे लागतात. आणि ज्या घरात महिन्याला एखादा सातबारा, एखादे आधार कार्ड आणि सोसायटीची नोटीस एवढेच निघते, त्या घराने कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी संबंध चांगले ठेवावेत हे उत्तम. प्रिंटर घ्यायला निघालेला माणूस दुकानात यंत्राची किंमत विचारतो, पण गेल्या महिन्यात आपण किती पाने छापून आणली हे कोणी स्वतःला विचारत नाही. मीही विचारले नव्हते.

आमचा खरा पराभव मात्र टाकी भरलेली असताना झाला. शाई स्वस्त झाली तरी हात आखडता घेण्याची सवय गेली नव्हती. ‘उगाच कशाला छापायचे’ म्हणून उन्हाळ्यात दीड महिना प्रिंटरला कोणी हात लावला नाही. शिवाय रात्री झोपण्यापूर्वी घरातली सगळी बटणे भिंतीवरून बंद करीत फिरणे हा बाबांचा नित्यनेम, आणि प्रिंटर त्याला अपवाद नव्हता. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड आपल्या जागी जाऊन रबरी टोपीखाली झाकले जाते. वीज भिंतीवरूनच तोडली आणि ते वाटेत कुठे असले, तर तिथेच उघडे राहते आणि त्यातली शाई सुकते. जूनमध्ये मुलीचा शाळेचा फॉर्म छापायला घेतला तेव्हा पानावर निळ्याचा मागमूसही नव्हता. मी सफाईचा आदेश दिला, मग पुन्हा दिला, मग ‘खोल सफाई’ नावाचा दिला. यंत्र घरघरत होते आणि टाकीतली पातळी डोळ्यांदेखत खाली जात होती, कारण सफाई म्हणजे हेडमधून शाई ओढून ती यंत्राच्या तळाशी असलेल्या स्पंजच्या गादीत ओतून देणे. दीड महिन्यात न छापलेल्या पानांची शाई त्या एका दुपारी गादीने पिऊन टाकली. पुढे कळले की त्या गादीचाही हिशेब यंत्र ठेवते आणि ती भरली की छपाई थांबवते.

खोक्यावरचे आकडे आणि घरातला अनुभव जुळत का नाहीत, याचा उलगडाही इथेच होतो. रंगीत इंकजेटची पाने मोजण्याचे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे प्रमाण २४७११ क्रमांकाचे आहे, आणि त्यात पाच ठरावीक पानांचा संच सलग छापत राहून शाई किती पुरते हे पाहतात. सलग छापणाऱ्या यंत्राला रोजच्या चालू-बंदची, उन्हाळ्याच्या सुट्टीची किंवा बाबांच्या रात्रीच्या फेरीची झळ लागत नाही. त्या पाच पानांवर शिरोरेखाही नसते. पाश्चात्त्य लोक टायपाचे वळण बदलून शाई वाचवतात, २०१० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे येथील शाखेने त्यासाठीच एरियलऐवजी सेंच्युरी गॉथिक हे बारीक रेघांचे वळण स्वीकारले होते. आपण मात्र प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर एक आडवी रेघ ओढतो. मोडी लिहिणारे कारकून तर आधी पानभर रेघ ओढून मग तिला अक्षरे टांगत. गुजरातीने ही रेघ सोडून दिली, याला शाईचे कारण नसावे, पण गुजराती माणसाबद्दलच्या आपल्या समजुतीत ते चपखल बसते.

ज्यांना रंग नकोतच आणि जे महिनोन्महिने छापत नाहीत, त्यांना काळा-पांढरा लेसर बरा, कारण त्यातले टोनर म्हणजे मुळातच कोरडी भुकटी, तिला सुकण्याची भीती नाही. ती कागदावर भाजून चिकटवायला मात्र वीज एकदम बरीच लागते, म्हणून तो घरच्या इन्व्हर्टरवर लावू नये. साताऱ्याच्या पावसात सादळलेला कागद त्या उष्णतेने वळतो आणि अडकतो, तेव्हा गठ्ठा प्लॅस्टिकमध्येच ठेवलेला चांगला. शेजाऱ्यांच्या लेसरकडे पाहून माझा एवढाच अभ्यास झाला आहे.

त्या जूनच्या दुपारी बाबा माझ्या मागे उभे राहून हा सफाईचा सोहळा पाहत होते. त्यांच्या शाळेत टाक आणि दौत होती. पाण्यात गोळी विरघळवून शाई घरीच करायची पद्धत होती, आणि पुढे कॅमलच्या उंटामुळे घराघरांत पोहोचलेल्या दांडेकरांच्या कंपनीची सुरुवातही १९३१ साली अशाच ‘हॉर्स ब्रँड’ नावाच्या पुड्यांनी आणि गोळ्यांनी झाली होती. बराच वेळ गप्प राहून बाबा म्हणाले, “अरे, टाकाचं तरी दुसरं काय होतं? दोन दिवस लिहिलं नाही की निब धरायची. आम्ही रविवारी दौत धुवायचो, तेव्हा टाकही पुसून ठेवायचो.” यंत्राचे माहितीपत्रक मी दोनदा वाचले होते, पण ही गोष्ट माझ्या ध्यानात त्यातून आली नव्हती.

तेव्हापासून आमच्याकडे रविवारी एक पान निघते आणि ते काढण्याचे काम बाबांकडे आहे. चारही रंग त्यात यायला हवेत एवढाच नियम असल्यामुळे नात आठवडाभर चित्रे जमवून ठेवते. गेल्या रविवारी कास पठारावरची फुले होती, त्याआधी लाल-निळा-पिवळा पतंग आणि खाली काळ्या जाड अक्षरांत अथर्वशीर्षाच्या चार ओळी. पान निघाले की बाबा ते उजेडाकडे धरून कुठे पट्टा दिसतो का पाहतात, मग यंत्रावरचे बटण दाबतात आणि भिंतीवरच्या बटणावर बोट ठेवून, हेड आपल्या जागी गेल्याचा ‘खट्’ आवाज होऊन हिरवा दिवा विझेपर्यंत तिथेच उभे राहतात.