बाटलीतल्या ऑक्टेनवर बसवलेला मॅप
गाडीची तक्रार एकच होती: ४,५०० आरपीएमच्या पुढे टर्बोचा पूर्ण बूस्ट (दाबून भरलेल्या हवेचा जोर) आला की इंजिन गचके खाते. सहा महिन्यांपूर्वी या दोन लिटरच्या इंजिनाचे ट्यूनिंग मीच केले होते. त्या दिवशी डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, नॉकिंगचा (ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रण आपोआप भडकून बसणाऱ्या ठोक्यांचा) मागमूसही नव्हता, म्हणून मी नेहमीपेक्षा तीन अंश जास्त इग्निशन अ‍ॅडव्हान्स दिला होता, म्हणजे ठिणगी तितकी आधी पाडली होती.

या वेळी लॅम्डा, म्हणजे हवा आणि इंधनाचे प्रमाण (आकडा जितका मोठा तितके इंधन कमी), ०.८० हवा असताना ०.९२ दिसू लागला, आणि माझ्या तरुण सहकाऱ्याने लगेच इंधन वाढवायला घेतले. ही चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे आणि तिचा मला मनापासून राग येतो. ठिणगी चुकली की न वापरलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो. सेन्सरला तोच जाणवतो, त्यामुळे मिश्रण योग्य असूनही ते पातळ, म्हणजे कमी इंधनाचे, दिसते. अशा वेळी पेट्रोल वाढवले तर प्लग आणखी भिजतात.

प्लग काढले. चारही प्लगांच्या पांढऱ्या इन्सुलेटरवर विटेसारखा तांबूस थर बसला होता, म्हणजे फेरोसीन. हे लोहाचे संयुग नॉकिंग रोखते हे खरे, पण जळल्यावर आयर्न ऑक्साइड मागे ठेवते आणि तापलेला तो थर वीज वाहू देतो. बूस्टमुळे सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते. मग वीज फट ओलांडण्याऐवजी थरावरून प्लगच्या धातूच्या कवचात उतरते. म्हणूनच संथ चालवताना काही जाणवत नाही आणि जोर मागितला की गाडी अडखळते.

मालकांनी प्रामाणिकपणे सांगितले की वर्षभर ते प्रत्येक टाकीला ऑक्टेन बूस्टरची, म्हणजे पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता (ऑक्टेन) वाढवणाऱ्या रसायनाची, एक बाटली घालतात, कधी दोन. "तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी बोललो नाही," ते म्हणाले. बाटलीवर ३० पॉइंट वाढ असे ठळक छापले होते. या धंद्यात दहा पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन, म्हणजे दावा फक्त तीन ऑक्टेनचा. ग्राहकाला हे सहसा कुणी सांगत नाही, आणि मला ती फसवणूकच वाटते.

टाकी रिकामी करून त्याच दर्जाचे साधे पेट्रोल भरले, नवे प्लग बसवले. गचके थांबले, पण ३,२०० आरपीएमला नॉकिंग सुरू झाले आणि ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या ठिणगीचे टायमिंग चार अंश मागे ओढले. माझा मॅप, म्हणजे ईसीयूत भरलेला ट्यूनिंगचा तक्ता, पेट्रोलवर नव्हे, बाटलीवर बसला होता. मी अ‍ॅडव्हान्स काढून घेतला, बूस्ट ०.१ बारने उतरवला. टॉर्क कमी झाल्याने मालक नाराज होऊन गेले. कधी बाटली घालायची राहिली असेल, तर त्या दिवसांत हे इंजिन नॉक सेन्सरच्या भरवशावर धावले असेल, आणि तो सेन्सर नॉक झाल्यावरच ते ओळखतो. बोरस्कोपने (सिलिंडरच्या आत पाहायच्या बारीक कॅमेऱ्याने) पाहिले, पिस्टनचे माथे शाबूत होते.

सहा महिन्यांपूर्वीच्या ट्यूनिंगचा नॉक लॉग (नॉक सेन्सरची नोंद) मी पुन्हा पुन्हा उघडतो आहे. त्या बूस्टला एखाद्या तरी सिलिंडरमध्ये थोडी कुरकुर दिसायला हवी होती. चारही रेषा सपाट होत्या, आणि त्याचा अर्थ मी इंजिन उत्तम आहे असा लावला.