आक्काची नंदवाळ वारी

आषाढीला पंढरपूर गाठणं जमलं नाही तर कोल्हापूरकरांना नंदवाळ आहे. सकाळी मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातून पालखी निघते, राधानगरी रस्त्याला लागते, पुईखडीवर रिंगण होतं आणि मग नंदवाळ. माझी आजी, आम्हा सगळ्यांची आक्का, हीच वारी करायची. पंढरपूरला चालत जायला लागते तेवढी रजा तिनं उभ्या नोकरीत मागितली नाही. "शाळा आत्ता कुठं उघडलीया, आणि मी जाऊ व्हय?" म्हणायची. ती गेल्यानंतरची ही पहिली आषाढी. आई आणि मी निघालो.

पाऊस होताच. भुरभुर म्हणता म्हणता रंकाळ्यापाशी सर आली, पण टाळ थांबले नाहीत. बायकांनी डोक्यावरच्या तुळशीवर प्लास्टिकचा कागद धरला आणि स्वतः भिजत चालल्या.

1962 साली जिल्हा परिषदा आल्या, त्याच्याही आधीची, स्कूल बोर्डाच्या काळातली आक्का. भोगावतीकाठच्या एका गावात पहिली ते चौथी एकटीनं शिकवायची. आषाढ म्हणजे तिकडं रोपलावणीचे दिवस. मोठी माणसं चिखलात आणि घरातली थोरली मुलगी धाकट्याला काखेत घेऊन घरी. हजेरीपटावर मुलींच्या नावापुढं नुसत्या गैरहजेऱ्या. एकादशीला मात्र अख्खं गाव वारीत यायचं, आणि आक्का तिथंच आयाबापांना गाठायची. "शाहू महाराजांनी 1917 साली शिक्षण सक्तीचं केलं, पोर शाळंत न्हाई घातलं की दंड. मी दंड कुठला लावू? विठोबाम्होरं शब्द द्या." दिंडीत दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती व्हायची नाही. मोडलाच, तर दुसऱ्या दिवशी आक्का दारात उभी.

साने गुरुजी वसाहत आली की ती आम्हा नातवंडांना थांबवायची. अमळनेरच्या शाळेतला एक मास्तर 1947 साली पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडं व्हावं म्हणून उपोषणाला बसला, हे ती दरवर्षी सांगायची. आम्हाला पाठ झालं होतं, तरी सांगायची. यंदा तिथं आईनं माझा दंड धरला आणि आम्ही तशाच पुढं गेलो.

आजोबा लवकर गेले. पगार आक्काचा, घर आक्काचं, आणि दीर, नणंद, तीन मुलं यांच्या शिक्षणाचा हट्टही तिचाच. आई जुनी अकरावी होऊन या घरात आली. आक्कानं तिला डी.एड.ला घातलं, तेव्हा माझा भाऊ रांगत होता. संध्याकाळी आक्का भाकऱ्या थापता थापता प्रश्न विचारायची. उत्तर चुकलं की परातीतला हात थांबायचा. बोलायची नाही. हात पुन्हा फिरला की बरोबर आलं, असं आईनं समजायचं. पुढं आईनंही निवृत्तीपर्यंतची वर्षं शाळेतच काढली.

सगळ्यांनाच ती गोड वाटली असं नाही. धाकट्या काकांचा जीव तालमीत होता, पण पदवी हातात पडेपर्यंत तिनं त्यांना आखाड्याच्या मातीत उतरू दिलं नाही. काका अजून बोलून दाखवतात. तिथं ती जास्तच ताणत होती, असं मलाही वाटतं.

पुईखडीचा चढ चढून वर आलो तर माळावर माणूसच माणूस. घोडा रिंगणात सुटला, गर्दी पुढं सरकली, आणि आईचा चेहरा निरखत एक बाई जवळ आल्या. "बाईंची थोरली सून न्हवं तुमी?"

आक्का गेल्याचं त्यांना कळलं होतं. रिंगण बघायचं सोडून त्या बोलतच राहिल्या. "मी चौथीत हुतो. आयनं सांगितलं, लावण झाल्याबिगर पोरगी याची न्हाई. बाईंनी लुगडं खोचलं आन् उतरल्या की वाफ्यात. दिस मावळस्तवर आयबरोबर तरवा काढला. निघताना म्हणाल्या, तुझ्या पोरीच्या वाटणीचं काम मी केलंय, आता उद्या धाड." दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेल्या. पुढं अंगणवाडी सेविका झाल्या.

पन्नासेक वर्षं आमच्या घरात आक्काच्या गोष्टी चालल्या आहेत, पण ही कुणाला माहीत नव्हती. तिनं सांगितलीच नाही. त्या दिवशी घरी येऊन पायाचा चिखल धुतला असेल आणि चुलीपुढं बसली असेल.

वाशी सोडून नंदवाळला पोचलो. दर्शनाची रांग लांब होती. राजगिऱ्याचे लाडू वाटून खाताना त्या बाईंनी नातीचा विषय काढला. दहावी झालीय, मार्क बरे आहेत, पण कॉलेज लांब, एस.टी.ची वेळ अवघड, म्हणून घरात अकरावीचं कुणी मनावर घेत नव्हतं. आईनं लाडू पिशवीत ठेवला आणि विचारलं, "दाखला काढलाय का शाळेतनं?"

"न्हाई अजून."

"उद्या काढा. परवा तिला आन् तिच्या बापाला घेऊन मंगळवार पेठेत आमच्याकडं या. पासाचं मी बघते. आणि बाप आला न्हाई, तर मी येते तुमच्या गावाला."

रांग पुढं सरकली तरी आई गावाचं नाव, घराची खूण, बापाचा फोन नंबर विचारत होती, आणि मी मोबाईलवर लिहून घेत होते.