मार्गारेट रिव्हर: गाईंच्या कुरणावर उभी राहणारी वाईन इस्टेट

ऑस्ट्रेलियातल्या पर्थला जाणारे आपले लोक तिथल्या मार्गारेट रिव्हर या भागात गेले तर समुद्र, गुहा आणि सर्फिंग बघून येतात, सोबत एखाद्या वायनरीत टेस्टिंग करून हिरवळीवर फोटो काढतात. मी गेले ती द्राक्षं बघायला. माझं माहेर दिंडोरीकडचं, घरची बाग आहे, त्यामुळे परदेशात गेल्यावरसुद्धा माझी मान आधी वेलींकडे वळते. पर्थला राहणाऱ्या माझ्या नणंदेनं गाडीत बसतानाच विचारलं, "वहिनी, तू तिथे पण बागच बघणार का गं?" म्हणलं हो, आणि तीसुद्धा तयार झालेली नको, लागवड चालू असलेली दाखव. तिच्या ओळखीतलं एक साठीच्या आसपासचं जोडपं तिकडे नवीन वाईन इस्टेट उभी करतंय हे तिनेच मागे फोनवर सांगितलेलं.

पर्थहून दक्षिणेला साधारण २७० किलोमीटर, रस्ता मस्त, तीन-सव्वातीन तास. हा भाग म्हणजे उत्तरेला केप नॅचरलिस्ट आणि दक्षिणेला केप लूविन अशा दोन भूशिरांच्या मधला जेमतेम शंभर किलोमीटरचा पट्टा, पश्चिमेला सरळ हिंदी महासागर. फेब्रुवारीचा शेवट होता, म्हणजे तिकडे उन्हाळा संपत आलेला आणि काढणीचा सीझन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी जाळी टाकलेल्या ओळीच्या ओळी दिसत होत्या. ती जाळी पक्ष्यांसाठी, त्याची गंमत पुढे सांगते.

गेटवर उतरल्या उतरल्या मालकांनी पहिला प्रश्न विचारला तो बुटांचा. इतक्यात कुठल्या द्राक्षबागेत गेला होतात का, आणि हेच बूट होते का? मग औषधाच्या पाण्याच्या टबात बूट बुडवायला लावले. नणंद हसत होती पण मला एकदम पटलं. फायलोक्सेरा नावाची जी मुळं खाणारी बारीक कीड आहे, जिने एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, ती वेस्टर्न ऑस्ट्रेलियात नाही आणि येऊ नये म्हणून ही सगळी काळजी, कारण ती बुटाला चिकटलेल्या मातीतूनसुद्धा प्रवास करते. ती नसल्यामुळे तिथल्या बऱ्याच जुन्या बागा स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, खाली दुसरा खुंट नाही. आपल्याकडे डॉगरिज नावाच्या जंगली द्राक्षाचा खुंट लावून मग त्यावर हव्या त्या जातीचं कलम करायची सवय, त्यामुळे मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

जमीन म्हणाल तर उताराचं मोकळं रान, मधेच दोन-चार मोठी झाडं, एका टोकाला पत्र्याची शेड. बस. आधी इथे गाई चरायच्या. मी सहज म्हणाले की अगदी ओसाड जागेवर सुरुवात केलीत तुम्ही, तर बाई म्हणाल्या ओसाड नव्हती, ओसाड केली गेली. हे मला माहीत नव्हतं. हा सगळा वादांडी या इथल्या मूळ रहिवासी लोकांचा मुलूख, त्यावर कॅरी, जॅरा, मॅरी या झाडांचं दाट जंगल होतं. १९२० च्या दशकात सरकारनं ब्रिटनमधून गरीब कुटुंबं आणून 'ग्रुप सेटलमेंट' नावाच्या योजनेत इथे वसवली, अट अशी की जंगल तोडा आणि दूधधंदा करा. त्या अवाढव्य झाडांपुढे कुऱ्हाड आणि करवत घेऊन उभं राहायचं, जमीन कसाची नाही, दुधाला भाव नाही, कित्येक जण सगळं सोडून निघून गेले. म्हणजे ज्या मोकळ्या रानाचं आपल्याला कौतुक वाटतं ते कुणाच्या तरी मोडलेल्या कमरेवर मोकळं झालंय, आणि त्याआधी ज्यांचं होतं त्यांना तर कुणी विचारलंच नाही.

मग इथे द्राक्षं कुणाच्या डोक्यात आली? तर जॉन ग्लॅडस्टोन्स नावाच्या शेतीशास्त्रज्ञाच्या, ज्याचं मूळ काम लुपिन नावाच्या कडधान्यावरचं. १९६५ आणि १९६६ मध्ये त्यानं हवामान आणि मातीचा अभ्यास छापला आणि सांगितलं की वाईनच्या द्राक्षाला हा पट्टा उत्तम, पाऊस हिवाळ्यात पडून जातो, पिकायच्या वेळी कोरडं असतं आणि समुद्रामुळे तापमान फार वरखाली होत नाही. आणि गंमत म्हणजे ते वाचून पुढे आले कोण तर डॉक्टर लोक! टॉम कलिटी हे पर्थचे हृदयरोगतज्ज्ञ, त्यांनी १९६७ मध्ये व्हास फेलिक्स या वायनरीच्या बागेची लागवड केली, दर वीकेंडला पर्थहून येऊन काम करायचे. मॉस वूड ही वायनरी सुरू करणारेही डॉक्टर, कलन वायनरीवाले केविन कलनही डॉक्टर. शेतकऱ्यांनी आधी उडी घेतली नाही ते मला बरोबर वाटतं, दुसरं उत्पन्न असल्याशिवाय हा धंदा सुरू करणं म्हणजे वेडेपणाच, आणि हे मी बागायतदाराची मुलगी म्हणून बोलतेय.

कलिटींचं पहिलं पीक १९७१ सालचं, त्याची वाट लावली पक्ष्यांनी आणि कुजीनं. पक्षी म्हणजे सिल्व्हरआय, आपल्याकडे चष्मेवाला असतो ना, डोळ्याभोवती पांढरी रिंग असलेला, त्याच्याच जातीचा. घोळक्यानं येतात, मण्याला चोच मारतात, रस पितात आणि उरलेला घड सडतो. त्यावर उपाय म्हणून कलिटींनी बहिरी ससाणा आणवला, की याला बघून बाकीचे पळतील. सोडल्याबरोबर ससाणाच जो उडाला तो परत आलाच नाही. आज व्हास फेलिक्सच्या बाटलीवर ससाणा असतो तो हाच. पुढच्याच वर्षीच्या रीसलिंग या पांढऱ्या वाईनला मात्र पर्थच्या शोमध्ये सुवर्णपदक मिळालं, मग लोकांचे डोळे उघडले.

आता यातली खरी गोष्ट मालकांनी त्या दोन-चार मोठ्या झाडांकडे बोट दाखवून सांगितली. ती मॅरीची झाडं. साधारण काढणीच्याच सुमारास मॅरीला पांढरा फुलोरा येतो, भरपूर मध असतो, आणि ज्या वर्षी फुलोरा चांगला त्या वर्षी सिल्व्हरआय द्राक्षाकडे ढुंकून बघत नाहीत. फुलोरा कमी आला की सगळी फौज बागेत. म्हणून तिथले लोक जाळ्यांचा खर्च काढताना आधी मॅरीकडे बघतात. शिवाय मॅरी जिथे उंच आणि जोमदार वाढते तिथली जमीन द्राक्षाला चांगली, हेसुद्धा जुन्या लोकांचं ठरलेलं गणित. शंभर वर्षांपूर्वी जी झाडं अडचण म्हणून तोडली तीच आज मुद्दाम राखतात, नवी लावतात. या जोडप्यानं तर ओळींची आखणीच झाडं वाचवून केलीय, दोन ओळी त्यामुळे मधेच तुटतात, ट्रॅक्टर वळवायला त्रास होतो, पण चालतंय म्हणाले.

जमिनीत त्यांनी जेसीबीनं खड्डे घेऊन ठेवलेले, मी त्यात उतरून बघितलं. वर वीतभर काळपट माती आणि खाली तांबडा मुरूम, अगदी कोकणातल्या जांभ्याचाच प्रकार, गोल गोल खडे, पाणी झरझर निचरून जाणारा. खाली चिकणमाती, ती ओल धरते. लागवडीआधीचं एक अख्खं वर्ष तर नुसतं माती तपासणे, आम्लपणा कमी करायला चुना टाकणे, खोल नांगरट आणि तळं यातच गेलं. तळं म्हणजे शेततळंच पण मातीचा बांध घालून उतारावर अडवलेलं, हिवाळ्याच्या पावसानं भरतं आणि उन्हाळाभर ठिबकला पुरवायचं. त्यानंतर कांगारूंसाठी कुंपण. मला आधी हसू आलं, पण कोवळे शेंडे ते एका रात्रीत साफ करतात म्हणे.

आता आकडे, कारण माहेरी गेल्यावर वडील हेच विचारणार. दोन ओळींत ३ मीटर, दोन वेलींत २ मीटर, म्हणजे हेक्टरी साधारण १,६६७ वेली. आपल्यासारखा मांडव नाही, सरळ उभ्या ताटीसारखं, खाली एक फळाची तार आणि वर काड्या उभ्या धरायला जोड तारा, अशा सहा तारा. हेक्टरी ओळींची लांबी होते ३.३ किलोमीटर, गुणिले सहा, म्हणजे एका हेक्टरला २० किलोमीटर तार! ती ताणायची, शेवटचे खांब भक्कम रोवायचे, आणि हे सगळं एकही मणी हातात यायच्या आधी. रोपं गेल्या स्प्रिंगला लावलेली, प्रत्येकाभोवती प्लॅस्टिकची नळी, त्यातून वीत-दीड वीत पानं बाहेर आलेली. पहिल्या वर्षी खोड, दुसऱ्या वर्षी ओलांडे म्हणजे तारेवर आडव्या पसरवलेल्या फांद्या, तिसऱ्या वर्षी थोडंसं पीक, पूर्ण पीक त्याच्याही नंतर. रेड वाईन असेल तर पुढे वर्ष-दीड वर्ष २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात. म्हणजे मातीत पहिला खड्डा घेतल्यापासून पहिली बाटली विकेपर्यंत सहा वर्षं कुठेच गेली नाहीत. एक टन द्राक्षाची साधारण ९०० बाटल्या वाईन होते, हे ऐकून नणंदेनं लगेच मोबाईलवर गुणाकार सुरू केला आणि मग खर्चाचा अंदाज ऐकून बंद केला.

छाटणीवर आमच्या बऱ्याच गप्पा झाल्या. आपल्याकडे वेल झोपतच नाही म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, वर्षात दोनदा. तिथे थंडीत पानं गळतात, एकदाच छाटायचं. मालकांना दोनदा छाटतात हे ऐकून विश्वास बसेना, मजुरी किती लागते तेच विचारत राहिले. दुसरं एक, फुलोऱ्याच्या वेळी समुद्रावरून जोराचा वारा असतो त्यामुळे शार्डने या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाच्या घडात मोठे आणि अगदी बारीक मणी एकत्र येतात. आपल्याकडे असा घड एक्सपोर्टवाला हातात धरणार नाही. तिथे त्याला 'हेन अँड चिकन' म्हणतात आणि कौतुक करतात, कारण बारीक मण्यात रस कमी, साल जास्त, त्यामुळे चव घट्ट. द्राक्ष खायचं की प्यायचं यावर बागायतदाराच्या सगळ्या कल्पना उलट्या होतात हे मी तिथे शिकले.

वायनरी त्यांनी बांधलेलीच नाही, इतक्यात बांधणारही नाहीत. पहिली काही वर्षं द्राक्षं दुसऱ्याच्या वायनरीत पैसे देऊन गाळून घेणार. शेड, ट्रॅक्टर आणि पंप आधी, टेस्टिंग रूम सगळ्यात शेवटी. पण येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो रेस्टॉरंट कुठाय!

दुसऱ्या दिवशी आम्ही लूविन इस्टेट ही मोठी वायनरी बघितली. तिथे रेस्टॉरंट, आर्ट गॅलरी, भलीमोठी हिरवळ सगळं आहे, १९८५ मध्ये त्या हिरवळीवर लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम झालेला. हीसुद्धा आधी गुरांचीच जमीन, १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाचे रॉबर्ट मोंडावी जागा शोधत आले आणि त्यांच्या सल्ल्यानं हॉर्गन कुटुंबानं इथे द्राक्षं लावली. शार्डने प्यायले, छान होती, पण मला व्हास फेलिक्सची कॅबरने ही रेड वाईन जास्त आवडली. हिरवळीवर बसलेल्या गर्दीत तारेकडे बघणारी मी एकटीच असणार.

कुणाला जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, काढणी, जाळी आणि मॅरीचा फुलोरा एकदम बघायला मिळतो, छाटणी बघायची असेल तर जुलै. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा तिथे ०.०५ टक्के आहे आणि तपासणी चालू असते, तेव्हा कोण गाडी चालवणार आणि कोण चाखणार ते आधी ठरवा नाहीतर टूरची बस घ्या. आणि कुठल्याही बागेत शिरताना बूट स्वच्छ ठेवा, विचारतातच.