चौदा डावे, एक उजवा

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ओसरलं आणि आठ-दहा दिवसांनी एका शाळेचे खेळाचे सर पोतं घेऊन माझ्या दुकानात आले. पोत्याला कसला वास येत होता ते सांगलीकराला सांगायची गरज नाही.

माझं दुकान विश्रामबागेत. दप्तरं, पट्टे, पाकिटं, चपला, जे चामड्याचं असेल ते दुरुस्त करतो. पोतं उपडं केलं तर आतून चिखलाचे गोळे पडले. नीट बघितल्यावर त्यांना बोटं दिसली.

"सॉफ्टबॉलचे ग्लोज आहेत, दोन-चार बेसबॉलचे," सर म्हणाले. "नवे घ्यायला पैसे नाहीत. बघा काही होतंय का."

मी मोजले. चौदा डाव्या हाताचे, एक उजव्या हाताचा. चपलांच्या धंद्यातला माणूस आधी जोडी शोधतो. सरांना म्हटलं, बाकीचे उजवे पुरात गेले का? ते हसले. उजव्या हातानं चेंडू फेकायचा, डाव्यानं झेलायचा, म्हणून ग्लोज एकाच हातात. मग तो एक उजवा कसला? घाईत विचारायचं राहिलं. कारखान्यात चुकून झाला असेल, असं मी ठरवून टाकलं.

काम मात्र मन लावून केलं. चिखल वाळू दिला, मग ब्रशनं झाडला. बुरशीवर पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरचा बोळा फिरवला. पोटमाळ्यावर सावलीत चार दिवस वाळवले. उन्हात ठेवले असते तर पापडासारखे कडकडीत झाले असते. एकाला कुणीतरी पूर्वीच खोबरेल पाजलं होतं, तो ओल्या टॉवेलासारखा लोंबत होता. मग मलमाचे पातळ हात दिले आणि वाद्या ओवायला घेतल्या. ग्लोजमधली प्रत्येक गाठ वादीची. बोटं एकमेकांना बांधायची वादीनं, अंगठा आणि तर्जनीमधली जाळी विणायची वादीनं. एकाला चार-सहा मीटर सहज लागते. वादी कमी पडली तेव्हा तो बिनजोडीचा उजवा होताच. त्याच्या वाद्या सोडवून दुसऱ्यांना लावल्या.

शेवटी प्रत्येक ग्लोज गुडघ्यावर चोळून, वळून, लोण्यासारखा मऊ केला. पर्स मऊ झाली की गिऱ्हाईक खूश होतं, हा माझा अनुभव.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पोरं आली. पहिलीनंच हात घातला आणि तोंड वाकडं केलं. "काका, ह्ये लय मऊ झालंय की. जोरात बॉल आला तर मागं वाकणार."

राग आला, खोटं कशाला सांगू. पंधरा दिवस राबलो होतो आणि ही सातवीतली पोर मला चामडं शिकवणार? पण ती थांबेना. ती शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, उभी राहते, तिला चेंडू बसायचा खळगा उथळ हवा. "बॉल आत रुतला तर बाहेर काढंपर्यंत रनर पोचतोय." शेजारचा उंच पोरगा आउटफिल्डचा, मैदानात लांब उभा राहणारा. त्याला नेमका उलटा, खोल आणि लांब. पळत जाऊन झेललेला चेंडू आत अडकून बसला पाहिजे. कॅचरला, म्हणजे बॅटरच्या मागं बसून झेलणाऱ्याला, तर आवाज हवा होता. चेंडू बसला की 'फट्ट' वाजलं पाहिजे, त्याशिवाय बॅटरला भीती वाटत नाही म्हणे. आता वाजण्यासाठी काय दुरुस्त करायचं असतं?

मग मिरजेची आठवण झाली. तिथं तानपुरा न्यायला आलेला गवई कारागिरापुढं बसतो आणि जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुली हवी की बंद ते सांगतो. कारागीर घोडी घासतो, पुन्हा ऐकवतो. गवयाला कुणी म्हणत नाही, तू गा, वाद्याचं मला शिकवू नकोस. आणि सरांनी नंतर सांगितलं ते आणखी भारी. ग्लोजमधली ती विणलेली जाळीसुद्धा एका खेळाडूनंच सुचवलेली. बिल डोक नावाच्या अमेरिकी पिचरनं, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणाऱ्यानं, ग्लोज बनवणाऱ्या रॉलिंग्ज कंपनीला कल्पना दिली आणि 1920 च्या सुमाराला तसा ग्लोज बाजारात आला. त्याआधी अंगठा आणि तर्जनी यांच्यात नुसत्या एक-दोन वाद्या असत.

एक पोरगी ग्लोज आतून उलटापालटा करून बघत होती. "इथं ताईचं नाव होतं." बॉलपेननं लिहिलेलं. मी ते डाग समजून घासून काढलं होतं, बरीच मेहनत घेऊन. तिला पेन दिलं. तिनं नाव परत लिहिलं, खाली स्वतःचंही.

सगळे पांगले तरी एक जण कोपऱ्यात उभीच. पोत्यात हात घालून काहीतरी शोधत होती.

"काका, माझा कुठाय? उजव्या हातात घालायचा."

डावखुरी. डाव्यानं फेकते, म्हणून झेलायला उजवा. अख्ख्या शाळेत तिच्यापुरता एकच ग्लोज, आणि त्याची कातडी माझ्या फळीखाली, वाद्या दुसऱ्यांच्या बोटांत. तो मिळायच्या आधी ती दोन वर्षं उलटा ग्लोज घालून खेळली होती. झेलायचं, ग्लोज काखेत मारून काढायचा, मग फेकायचं. हे तिनं करून दाखवलं, तक्रार म्हणून नव्हे, गंमत म्हणून.

त्या रात्री दुकान साडेअकराला बंद केलं. कोल्हापूरहून नवी वादी येईपर्यंत थांबलो नाही, एक चांगला पट्टा कापला. ती पिचर, तिला जाळी दाट हवी होती, आत चेंडूवर बोटं कशी धरलीत ते बॅटरला दिसायला नको. दोनदा उसवून घेतलं तिनं. तिसऱ्यांदा हात घालून मूठ मिटली, उघडली, आणि काही न बोलता घेऊन गेली.

आता आजूबाजूच्या शाळांतूनही ग्लोज येतात. पावती फाडायच्या आधी मी विचारतो, "कुठला हात?" परवा एक पाचवीतला पोरगा बराच वेळ स्वतःच्या दोन्ही हातांकडं बघत राहिला.

"काका, घालायचा विचारताय का फेकायचा?"